परदेशातले पहिले ४८ तास: दोघांसाठी, सिंगापूरच्या निमित्ताने

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

बरेच दिवस एकाच प्रकारचा मेसेज येतोय. "नुकतंच लग्न झालंय, चार-पाच दिवसांची सुट्टी मिळालीय, दोघांचीही पहिलीच परदेशवारी आहे. तिथे पोहोचल्यावर नेमकं काय करायचं?" कुठे फिरायचं, कुठे फोटो काढायचे यावर व्हिडिओंचा ढीग पडलाय, त्यात मी भर घालणार नाही. आज बोलायचंय ते फक्त पहिल्या ४८ तासांवर. विमान उतरल्यापासून दुसऱ्या दिवशी रात्री झोपेपर्यंत. कारण छोट्या ट्रिपमध्ये पैसे वाया जातात ते याच वेळात, तब्येत बिघडते ती याच वेळात, आणि भांडणंही बहुतेक याच वेळातली असतात. पाच दिवसांच्या सुट्टीत दोन दिवस गेले म्हणजे जवळजवळ निम्मी ट्रिप गेली.

उदाहरण म्हणून सिंगापूर घेते. मुंबईहून थेट विमान आहे, पाच-साडेपाच तासांचा प्रवास आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं पहिलं परदेश तेच असतं. पण इथली बरीचशी गणितं दुबई, बँकॉक, क्वालालंपूर कुठेही लागू पडतात.

आधी उंबरखिंड

मी कुरवंड्याची. लोणावळ्याच्या पुढे, नागफणीच्या पायथ्याचं गाव. तुम्ही त्याला ड्यूक्स नोज म्हणता. आमच्या गावावरून खाली कोकणात उतरणारा जुना घाट आहे, कुरवंडे घाट. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने पाठवलेला मोगल सरदार कारतलबखान आपली फौज घेऊन याच वाटेने खाली उतरला. सोबत रायबागन होती. तोफा होत्या, सामान होतं, सैन्य भरपूर होतं. पण खिंड अरुंद, झाडी दाट, पाण्याची पंचाईत, आणि पुढे वाट कशी आहे हे कुणालाच माहीत नाही. शिवाजी महाराजांच्या माणसांना मात्र तिथला दगड न् दगड ठाऊक होता. शेवटी रायबागनने शरण जायचा सल्ला दिला, आणि खान खंडणी देऊन परत फिरला.

ही गोष्ट सांगायचं कारण असं, की परक्या शहरात पहिल्या दिवशी आपण सगळे थोडेफार कारतलबखान असतो. सामान जास्त, माहिती कमी, तहान लागलेली, आणि वाट एकालाच दाखवलेली. आमच्या लोणावळ्यात हे दर शनिवारी बघायला मिळतं. मुंबई-पुण्याहून माणसं दुपारी पोहोचतात, थकलेली असतात, तरी आधी भुशी डॅम, मग टायगर पॉइंट. जुलैमध्ये संध्याकाळी टायगर पॉइंटला धुक्याशिवाय काही दिसत नाही हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, पण विचारतं कोण? आणि कधीकधी हे न विचारणं फार महागात पडतं. जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. वर डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी किती झपाट्याने वाढतं, हे तिथे राहणाऱ्याला कळतं, पाहुण्याला कळत नाही.

म्हणून पहिल्या दोन दिवसांचं काम जागा 'कव्हर' करणं हे नाही. वाट ओळखीची करून घेणं हे आहे. त्यासाठी मी एक सोपी चाचणी सांगते, आणि आजचा सगळा भाग तिच्याभोवतीच फिरणार आहे: पहिल्या दिवशी झोपण्यापूर्वी, दोघांपैकी कोणीही एकटं असलं, तरी आपलं आपण हॉटेलवर परत येऊ शकलं पाहिजे. कोणीही, म्हणजे दोघंही.

निघायच्या आधी: नाव, व्हिसा, कार्ड

नवीन लग्न झालेल्यांसाठी सगळ्यात आधी नाव. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची पद्धत. पण विमानाच्या तिकिटावर आणि व्हिसाच्या अर्जावर तेच नाव हवं जे पासपोर्टवर छापलंय. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीटही माहेरच्याच नावाचं. लग्न झालं म्हणून पासपोर्ट लगेच बदललाच पाहिजे असं काही नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालतो. घोळ होतो तो नवरा कौतुकाने नवीन नावाने तिकीट काढतो तेव्हा. आणि पासपोर्टची मुदत पोहोचल्यापासून किमान सहा महिने शिल्लक असायला हवी.

सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो आणि तो आधी काढावा लागतो, अधिकृत एजंटमार्फत. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, त्यावर एजंटचे पैसे वेगळे. याशिवाय 'एसजी अरायव्हल कार्ड' नावाचा एक ऑनलाइन फॉर्म असतो. पोहोचायचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत तो भरायचा. हा फॉर्म फुकट आहे. सर्च केल्यावर वरती जाहिरातीत दिसणाऱ्या, हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या काही साइट यासाठी पैसे मागतात. तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयसीएच्या, अधिकृत साइटवर किंवा ॲपवरच भरा. आणि लक्षात ठेवा, हे कार्ड म्हणजे व्हिसा नाही. दोन्ही लागतं.

तिसरं, बँकेचं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवीन कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू असतं. परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देणं, म्हणजे काँटॅक्टलेस, ही दोन्ही बटणं बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तुम्हालाच चालू करावी लागतात. हे घरी बसून करा. दोघांच्याही कार्डांवर करा.

बॅगेतली खसखस

हा मुद्दा मराठी घरांसाठी खास. आई किंवा सासूबाई डबा देणारच. त्यात अनारसे असतील तर त्यावर खसखस असते. बऱ्याच घरच्या गोड्या मसाल्यात खसखस असते. आपल्यासाठी तो मसाला आहे, पण खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. सिंगापूरच्या अमली पदार्थविरोधी खात्याच्या तपासणी-परवानगीशिवाय ती तिथे नेता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीतही तिला बंदी आहे. सिंगापूरचे अमली पदार्थांचे कायदे जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी आहेत, तिथे 'आईने दिलं होतं' हे कारण सांगायची वेळ येऊ देऊ नका. डबा घ्या, पण खसखस नसलेला.

तसंच च्युइंगगम नेता येत नाही, त्यावर १९९२ पासून बंदी आहे. गुटखा, खैनी, जर्दा असली चघळायची तंबाखू चालत नाही. ई-सिगारेट चालत नाही. साध्या सिगारेटवर एका काडीपासून कर भरावा लागतो, तिथे सूट नाही. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनवालं खोकल्याचं औषध न्यायचं असेल तर तिथल्या आरोग्य खात्याचे नियम आधी बघा. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि मूळ पाकिटातच ठेवा.

पहिली सकाळ: झोपेचं गणित

मुंबईहून बरीच विमानं रात्री निघतात आणि सकाळी पोहोचवतात. कागदावर हे छान दिसतं. एक दिवस वाचला! खरंच वाचतो का? बघू.

समजा विमान रात्री बारानंतर निघालं. त्याआधी तीन तास विमानतळावर. त्याआधी मावळातून निघणाऱ्यांसाठी एक्सप्रेसवेचा घाट, जिथे सुट्टीच्या दिवशी किंवा पावसात तास-दोन तास सहज जातात. म्हणजे घर सोडलं संध्याकाळी पाचला. विमानात जेवण, दिवे, घोषणा यांतून झोप मिळाली तीन तास. उतरलात तेव्हा तिथे सकाळचे आठ वाजलेत, पण सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तुमच्या शरीराला वाटतंय साडेपाच. पहाटेच्या या वेळी माणूस सर्वांत सुस्त असतो. अशा अवस्थेत तुम्ही नव्या देशातला पहिला निर्णय घेणार असता.

त्यात भर म्हणजे हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. बुकिंग करताना हे तास कुणी मोजत नाही. सकाळी आठ ते दुपारी तीन म्हणजे सात तास, न झोपलेले, न अंघोळ केलेले, ३२ अंशांच्या दमट हवेत.

यावर तीन मार्ग आहेत. एक, हॉटेलला आधीच मेल करून लवकर खोली मिळेल का ते विचारा. पैसे पडले तरी कधीकधी परवडतं. दोन, सामान हॉटेलवर ठेवा, बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात, आणि मग सावलीत हळूहळू फिरा. तीन, चांगी विमानतळावरच थोडा वेळ काढा. तिथे टर्मिनल एकला जोडून 'ज्युएल' आहे, २०१९ मध्ये उघडलेली काचेची प्रचंड इमारत. तिच्या मधोमध ४० मीटरचा धबधबा पडतो, जगातला सर्वांत उंच बंदिस्त धबधबा. आम्हा कुरवंडेकरांना धबधब्याचं कौतुक कमी, पण एसीत बसून बघायचा धबधबा हा प्रकार आम्हालाही नवीन आहे.

खोली मिळाल्यावर झोपा, पण गजर लावून, तासभरच. तीन-चार तास ताणून दिलीत तर रात्री दोनला दोघंही छताकडे बघत पडाल आणि दुसरा दिवसही हातचा जाईल.

अजून एक मजेशीर गोष्ट. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १४० किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे वर्षभर सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. नकाशाप्रमाणे त्यांचं घड्याळ तासभर मागे असायला हवं. पण १ जानेवारी १९८२ ला त्यांनी मलेशियाबरोबर जुळवून घेण्यासाठी ते आणखी अर्धा तास पुढे नेलं. परिणाम असा, की दुपारी बाराला नव्हे, एकच्या सुमारास सूर्य डोक्यावर येतो. म्हणून 'चार वाजले, आता ऊन उतरलं असेल' हा आपला अंदाज तिथे फसतो. बाहेर फिरायला साडेपाच-सहानंतर निघा.

एकाच फोनवर दोघं

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, की जी एक गोष्ट बंद पडली तर सगळंच बंद पडतं, ती शोधा आणि तिला पर्याय ठेवा. जोडप्यांच्या ट्रिपमध्ये ती गोष्ट जवळजवळ नेहमी एक फोन असते. एकाच्याच फोनमध्ये इंटरनेट, त्यातच नकाशा, हॉटेलचा पत्ता, तिकिटं, पैसे. दुसऱ्याला त्याच्या हॉटस्पॉटवर जगायचं. मग मेट्रोच्या गर्दीत एक आत चढला आणि एक फलाटावर राहिला, की फलाटावरच्याकडे ना नेट, ना पत्ता, ना पैसे. हे रोमँटिक नाही, धोक्याचं आहे. आणि स्पष्टच सांगते, फलाटावर राहणारी बहुतेक वेळा बायको असते, कारण 'सगळं मी बघतो' असं नवऱ्याने घरून निघतानाच जाहीर केलेलं असतं.

काय करायचं? दोघांच्याही फोनमध्ये वेगळं इंटरनेट. फोनला ई-सिम चालतं का बघायला स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा. ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला म्हणजे चालतं. ई-सिम घरच्या वायफायवर आधीच टाकून ठेवा, तिथे उतरल्यावर फक्त चालू करा. ई-सिम नसेल तर विमानतळावर टुरिस्ट सिम मिळतं, त्यासाठी पासपोर्ट लागतो.

भारतीय सिम काढून फेकू नका. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार आहे. ते सिम चालू ठेवा, त्याचं इंटरनॅशनल रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या, पण त्याचा डेटा बंद ठेवा. नाहीतर ॲप गुपचूप अपडेट होत राहतात आणि बिल घरी पोहोचतं.

पुढे: शहराचा नकाशा दोघांच्याही फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. हॉटेलचं नाव, पत्ता आणि जवळच्या स्टेशनचं नाव एका कागदावर लिहून दोघांच्या पाकिटात ठेवा. हो, कागदावर. त्याची बॅटरी संपत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो एकमेकांच्या फोनमध्ये ठेवा. त्याच कागदावर दोन नंबर: पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५. आणि चार्जरसाठी अडॅप्टर घ्या. तिथे ब्रिटिश पद्धतीचे तीन चपट्या पिनांचे सॉकेट असतात, आपली गोल पिन त्यात जात नाही.

पैसे: रुपये की डॉलर?

तिथे कार्ड दिलं की कधीकधी मशीन विचारतं: रुपयांत पैसे द्यायचे की सिंगापूर डॉलरमध्ये? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून बोट तिकडे जातं. थांबा. रुपये निवडलेत तर विनिमय दर तो दुकानदार किंवा त्याची पेमेंट कंपनी ठरवते आणि त्यात आपला नफा घालते. नेहमी तिथलंच चलन निवडा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथेही हेच उत्तर.

डॉलर निवडल्यावरही आपली बँक 'फॉरेक्स मार्कअप' लावते. बऱ्याच साध्या कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकूण ४.१३ टक्के. दोघांनी मिळून ५० हजारांची खरेदी-जेवणं केली तर २,०६५ रुपये नुसते मार्कअपचे गेले. म्हणून जाण्याआधी आपल्या कार्डाचा मार्कअप ॲपमध्ये बघून घ्या. शून्य किंवा कमी मार्कअपची कार्डं मिळतात, फॉरेक्स कार्डही मिळतं. थोडी रोकड मात्र हवीच, कारण खाण्याच्या काही छोट्या टपऱ्या अजून रोख मागतात.

"यूपीआय चालत नाही का?" हा प्रश्न येणारच. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपलं यूपीआय आणि सिंगापूरचं 'पेनाऊ' जोडलं गेलं, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण तो दुवा मुख्यतः इथल्या माणसाने तिथल्या माणसाला पैसे पाठवण्यासाठी आहे. प्रत्येक दुकानातल्या क्यूआरवर आपलं ॲप चालेल असं समजून जाऊ नका.

आणि मेन्यूवरची दोन अधिक चिन्हं. किमतीपुढे दोन अधिक असतील तर आधी १० टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. म्हणजे २० डॉलरची थाळी २२ ची होते आणि मग २३ डॉलर ९८ सेंटची. एका डॉलरला हिशेबापुरते ७० रुपये धरले, तर वीस डॉलरचे १,४०० वाटणारे प्रत्यक्षात १,६८० च्या आसपास जातात. वेगळी टिप द्यायची तिथे पद्धत नाही.

मेट्रो, म्हणजे एमआरटी

सिंगापूरची एमआरटी नोव्हेंबर १९८७ पासून धावतेय. तिकीट काढायला रांगेत उभं राहायची गरज नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं काँटॅक्टलेस कार्ड आत जाताना टॅप, बाहेर पडताना टॅप. अंतराप्रमाणे पैसे कापले जातात. बसलाही हेच, उतरताना टॅप विसरलात तर शेवटपर्यंतचं भाडं लागतं.

इथे तीन बारकावे. एक, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड हवं. बघा, आपली चाचणी मेट्रोलाही मान्य आहे! दोन, आत जाताना जे टॅप केलं तेच बाहेर पडताना करा. आत कार्ड आणि बाहेर फोन असं केलंत तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात. तीन, परदेशी बँकेच्या कार्डावर वापराच्या दिवशी ६० सेंट जादा लागतात. ते टाळायचं तर तिथलं प्रवासी कार्ड घ्या.

विमानतळावरून शहरात यायला बऱ्याचदा ताना मेराह स्टेशनला गाडी बदलावी लागते. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी. गाडीत काही खायचं-प्यायचं नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत. पाण्याचा घोटसुद्धा त्यात आला.

पहिल्या संध्याकाळी एक सराव करा. हॉटेलपासून स्टेशनपर्यंत चालत जा आणि परत या. जाताना एकाने वाट दाखवायची, येताना दुसऱ्याने, फोन खिशात ठेवून. वीस मिनिटांचं काम आहे. त्यानंतर ते शहर तुम्हा दोघांचं होतं.

पोटोबा

शाकाहारी असाल तर पहिल्या दिवशी प्रयोग नकोत. लिटल इंडियात सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, डोसा-इडली-थाळी मिळते. पोट शांत झालं की डोकं शांत होतं. जवळच टेक्का सेंटर आहे. खाली भाजी-मासळीचा बाजार आणि बाजूला खाण्याच्या टपऱ्या. अशा जागांना तिथे हॉकर सेंटर म्हणतात. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने छपराखाली आणलं, त्यातून ही पद्धत उभी राहिली, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

तिथे टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ते कुणी विसरलेलं नाही. ती जागा पकडलेली आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो ना आपण, तसंच. जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून ठेवायचं, २०२१ पासून तो नियम आहे आणि न पाळल्यास कारवाई होऊ शकते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, रिकामी बाटली सोबत ठेवा. रोज दोघांच्या चार बाटल्या विकत घेतल्यात तर तेवढ्यात एक वेळचं साधं जेवण होतं.

भांडण का होतं?

या भागासाठीच बऱ्याच जणांनी हे पान उघडलंय, मला माहितीये.

पहिल्या दोन दिवसांतलं भांडण बहुतेक वेळा ज्या विषयावर होतं त्याच्याबद्दल नसतंच. 'तू उजवीकडे म्हणालास' हे रस्त्याबद्दल नसतं. झोप तीन तास, पोट रिकामं, ऊन डोक्यावर, आणि घरी दिवसाला जे चार निर्णय घ्यायचो ते इथे चाळीस. कुठल्या गेटने बाहेर? कुठे खायचं? टॅक्सी की मेट्रो? शिवाय प्रत्येक किमतीला मनात सत्तरने गुणायचं. साध्या टपरीवरची कोपी, म्हणजे तिथली कॉफी, दीड-दोन डॉलर, आणि एसी कॅफेतली सहा-सात. एकाला एसीत बसायचंय, दुसऱ्याला चारशे-पाचशे रुपयांची कॉफी घशाखाली उतरत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

यावर तीन व्यवहारी उपाय.

पहिला: पाळी ठरवा. सकाळचे निर्णय एकाचे, दुपारनंतरचे दुसऱ्याचे. ज्याची पाळी नाही त्याने सुचवायचं, पण शेवटचा शब्द पाळीवाल्याचा. यात चाळीस निर्णयांचे वीस होतात, आणि दोघांनाही वाट ओळखीची होते.

दुसरा: रोजचा खर्चाचा आकडा घरूनच ठरवा, आणि त्यातली एक छोटी रक्कम प्रत्येकाला 'विचारायचं नाही' अशी द्या. त्यातून त्याने एसी कॅफेत बसावं की तिने साडेसात डॉलरचं चुंबक घ्यावं, हिशेब मागायचा नाही.

तिसरा: 'थांबू या' हा शब्द दोघांनी मिळून ठरवा. तो उच्चारला की दहा मिनिटं सावलीत बसायचं, पाणी प्यायचं, फोन बघायचा नाही. कारण विचारायचं नाही. लग्नाला महिना झालेला असताना 'मला दम लागलाय' किंवा 'मला बाथरूमला जायचंय' म्हणायला संकोच वाटतो. या शब्दामुळे ते सांगावं लागत नाही.

घरच्या फोनचीही वेळ ठरवा. आपल्याकडे रात्री नऊ वाजता आई 'जेवलात का?' विचारते, तेव्हा तिथे साडेअकरा वाजलेले असतात. संध्याकाळी तुमच्या वेळेने तुम्हीच फोन करा, दोन्ही घरी.

मग फिरायचं काय?

पहिल्या संध्याकाळी एकच ठिकाण. माझं मत विचाराल तर गार्डन्स बाय द बे. २०१२ मध्ये उघडलेली ही बाग. तिथल्या उंच 'सुपरट्रीं'खालचा दिव्यांचा आणि संगीताचा खेळ रोज पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, फुकट. गवतावर आडवं पडून बघायचा. थकलेल्या जोडप्याला याहून सोयीचं काही नाही. परत येताना आपली चाचणी पास झालीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाडांगच्या मैदानाकडे जा. मरलायनचा पुतळा, १९७२ मध्ये बसवलेला साडेआठ मीटरहून उंच अर्धा सिंह-अर्धा मासा, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि फोटो तिथे होतीलच. पण पाडांगवर थोडं थांबा. जुलै १९४३ मध्ये याच मैदानावर सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी सिंगापुरात राणी झाशी रेजिमेंटचं प्रशिक्षण शिबिर सुरू झालं. मलाया-सिंगापूरच्या मळ्यांत आणि गावांत वाढलेल्या, बहुतेक तमिळ बोलणाऱ्या मुली, कित्येकींनी भारत पाहिलेलाही नव्हता. आणि त्यांच्या पलटणीला नाव होतं तांब्यांच्या मनूचं. पाडांगसमोर एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या अनाम सैनिकांचं स्मारक होतं. ते १९४५ मध्ये उभारलं आणि इंग्रजांनी परतल्यावर पाडलं. १९९५ मध्ये तिथे पुन्हा खुणेचा फलक लावला गेला. गाइडच्या यादीत तो शेवटी असतो, किंवा नसतोच. तिथे दहा मिनिटं दिलीत तर शहर थोडं आपलं वाटायला लागेल.

दुपारी ऊन किंवा अचानक येणारा पाऊस, त्यामुळे एसीतलं काहीतरी, संग्रहालय नाहीतर मॉल. संध्याकाळी पुन्हा बाहेर. दिवसाला दोन ठिकाणं पुरे. तिसरं ठिकाण ठेवायचंच असेल तर ते 'जमलं तर' या खात्यात.

जाता जाता

दुसऱ्या दिवशी रात्री झोपताना एकमेकांना पाच प्रश्न विचारा. आपल्या स्टेशनचं नाव काय? तुझ्या कार्डाने टॅप होतं का? तुझ्या फोनला नेट आहे का? हॉटेलचा पत्ता तुझ्या पाकिटात आहे का? उद्या सकाळी पाळी कुणाची? पाचही उत्तरं दोघांकडून आली, तर तिसऱ्या दिवशी हवं तर वेगवेगळे फिरा. एकाने दुकानं बघावीत, एकाने म्युझियम, आणि जेवायला ठरलेल्या स्टेशनवर भेटा. सोबत असणं छान, पण सोबत 'असावं लागणं' वेगळं, आणि त्यातला फरक परक्या शहरात फार लवकर कळतो.

हा भाग ज्याचं तिकीट निघालंय अशा मित्राला पाठवा. आणि एकट्यालाच पाठवू नका, दोघांनाही पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात.